नळीतला रंग

वत्सलाबाईंनी चिमट्यात धरलेली काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर तिरपी केली. नळीतलं निळं औषध उकळलं, बुडबुडे आले, पण रंग निळाच राहिला. म्हणजे नवऱ्याने, हिंमतरावांनी, सकाळी बाटलीत भरून दिलेल्या लघवीत आजही साखर नव्हती. त्यांनी देवीला हात जोडले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. नळी लाल निघाली की दिवसभर निर्जळी उपास, असा त्यांचा नवस होता. दिवाळीपासून मात्र देवीने त्यांना एकदाही उपाशी ठेवलं नव्हतं.

ओसरीवर शांतीलाल मामांच्या पायाची पट्टी सोडत होता. हा हिंमतरावांच्या बहिणीचा मुलगा. बडोद्याकडे मनोरुग्णांच्या दवाखान्यात डॉक्टर होता, म्हणून सारंगखेड्यात त्याला ‘येडासना डाक्टर’ म्हणत. पट्टी सुटली तशी दुर्गंधी आतपर्यंत आली. अंगठा काळाठिक्कर पडला होता आणि शेजारची दोन बोटंही काळवंडत चालली होती. यात्रेत आडदांड घोड्याला नुसत्या टाचेने वठणीवर आणणारा हा माणूस आता स्वतःचा पाय दिसू नये म्हणून मान फिरवून बसला होता.

“नळी रोज निळी निंघस,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मंग जखम कशी भरस नही? शहादाना डाक्टरनी तं इन्सुलिननी सुई बी अर्धी करी दिन्ही.”

शांतीलालने नळीकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. आता हा औषधाचं काही विचारेल असं त्यांना वाटलं.

“मामी, लाल निघायची त्या दिवशी घरात काय व्हायचं?”

हा काय प्रश्न झाला? “काय व्हई? मन्हा उपास. तुन्हा मामा म्हनेत, जेव. पन नवस तो नवस.”

“आणि मामा काय करायचे?”

“त्या काय करतीन? देखेत.”

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी हा रोग उघडकीला आला, तेव्हापासूनचे हे उपास. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. एकदा विहिरीवर चक्कर येऊन त्या कोसळल्याही होत्या. पण नवऱ्यासाठी आपण एवढं सोसतो याचा त्यांना आतून अभिमानच होता.

शांतीलाल बराच वेळ मामांच्या खाटेवर बसून हळू आवाजात बोलत राहिला. वत्सलाबाई भाकऱ्या थापत होत्या. मग त्याने हाक मारली.

“मामी, जरा इथं बसा. मामांना काही सांगायचंय.” आणि मामांना म्हणाला, “मी इथंच आहे.”

हिंमतराव भिंतीकडे बघत बोलले.

“त्या बाटलीमा पानी ऱ्हास. रांजननं.”

वत्सलाबाईंना आधी काही उमगलंच नाही.

“दिवाळीपाईन. तू विहिरवर पडनी ना, तव्हयपाईन. निळी निंघनी का तू जेवस.”

आता वत्सलाबाईंना कळलं. रांजणातल्या पाण्याच्या भरवशावर सुई अर्धी झाली, आणि त्यानेच अंगठा सडला. त्यांना भयंकर राग आला. भांडावं, ओरडावं असं वाटलं. पण नवस कोणाचा होता? राग जिथून निघाला तिथेच परत आला.

“मन्हामुळे,” एवढंच त्या म्हणाल्या.

तुमचा दोष नाही, असं शांतीलाल म्हणाला नाही. तो म्हणाला असता तरी त्यांना ते पटलं नसतं. त्याने त्यांना पोटभर रडू दिलं, मामांचेही डोळे भरून आले, आणि तो तसाच दोघांच्या मध्ये बसून राहिला.

“उद्या धुळ्याला जाऊ,” शेवटी तो म्हणाला. “सुई वाढवतील, पण पाय कापावा लागेल. कदाचित गुडघ्यापासून. आणि मामी, उद्या सकाळी नळी लाल निघणार आहे. लाल निघाली की जेवायचं. माझ्याकडे एवढंच औषध आहे.”

“आनि देवीले काय सांगू?”

“ते तुम्ही बघा. तिला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.”

सकाळी नळी आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग भाजलेल्या विटेसारखी लाल. वत्सलाबाईंनी नळी लपवली नाही, हिंमतरावांसमोर धरली. हिंमतरावांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर शांतीलाल बैलगाडीत गवत पसरत होता. वत्सलाबाईंनी ताटात भाकरी आणि उडदाची डाळ घेतली आणि खाटेजवळ येऊन बसल्या. पहिला घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी तो कसाबसा गिळला. दुसरा त्यामानाने सोपा गेला. हिंमतराव डोळे उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

अर्धी भाकरी झाली तेव्हा त्यांनी धोतर वर ओढलं आणि पाय स्वतःहून पुढे केला. आज त्यांनी मान फिरवली नाही.

“पट्टी बांध,” ते म्हणाले.

त्या हात धुवायला उठल्या.

“बठ. पह्यले भाकर पुरी कर.”

वत्सलाबाई पुन्हा बसल्या आणि उरलेली भाकरी त्यांनी हातात घेतली.