चौदा खण

टूर कंपनीच्या ऑफिसात ताईने तीनच प्रश्न विचारले. जेवण कसं असेल, हे विचारलं नाही. थंडी किती, हेही नाही. अकराव्या दिवशी आपण जंगलातल्या ज्या लाकडी घरांत उतरणार, तिथून नदी किती लांब, हा पहिला प्रश्न. रात्री दारांना बाहेरून कुलूप घालतात का, हा दुसरा. आणि सकाळी न्याहारीला माणसं मोजतात का, हा तिसरा.

ऑफिसातली मुलगी हौशी होती. "अहो काकू, काळजीच नको! तिथे कुणी कुणाच्या मागे लागत नाही. न्याहारी दहापर्यंत केव्हाही करा. नदी पाच मिनिटांवर, खोलीतून आवाज येतो. फोन तेवढा लागत नाही, पण लोक त्यासाठीच तर जातात!"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "त्यासाठीच जातात."

मी शेजारच्या खुर्चीवर बसून माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचत होतो. ती वाचायची माझी खोडच आहे. सात दिवस जहाज, सात दिवस जमीन. जहाज बर्फाच्या कड्यांच्या कडेकडेने उत्तरेला जाणार, मग बस, मग रेल्वे, मग ते जंगल. मी डोकं वर केलं तेव्हा ताई भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. तिथल्या नदीवर तिचं बोट होतं, आणि ते बोट थरथरत होतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षं तिने फळ्यावर उत्तरेचा तो तुकडा काढला. खरा बर्फ मात्र फ्रीजच्या बाहेर कधी पाहिला नाही. मी वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर चौतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे विचारायचं राहून गेलं. भावोजी गेले तेव्हा "चार दिवस सोबतीला" म्हणून तिच्याकडे आलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

त्या दिवसापासून घरात तयारी सुरू झाली. दिवाणावर दोन बॅगा उघड्या पडल्या. माझ्यासाठी ताईने पाणी न झिरपणारं जाकीट घेतलं. दुकानात त्याची चेन दहादा वरखाली केली, टोपी माझ्या डोक्यावर बसवली, आणि दुकानदाराला म्हणाली, "चांगलं पाच-सात हिवाळे टिकायला हवं. हा मनुष्य स्वतःसाठी रुमालसुद्धा घेणार नाही." स्वतःसाठी तिने काहीच घेतलं नाही. भावोजींचा जुना स्वेटर कपाटातून काढला, कोपराला टाका घातला.

"तुला जाकीट नको?"

"माझं काय? तेवढ्यापुरतं तर हवं."

तेवढ्यापुरतं. माझे बूट घेताना तेच, माझे हातमोजे घेताना तेच. मला कपडे धुवायचं मशीन चालवायला शिकवलं. एकोणीस वर्षांत त्याला हात लावू दिला नव्हता. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. वीजवाला, नळवाला, डॉक्टर यांचे नंबर मोठ्या अक्षरांत फ्रीजवर लावले.

"चौदाच दिवस जायचंय ना आपण?" मी विचारलं. म्हणजे, विचारणार होतो, पण तोंडातून निघालं ते, "नळवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे."

"असेल. शोधायला तीन दिवस लावशील, तोवर घराचं तळं होईल. मी काय तुला जन्मभर पुरणारे?"

हे ती मी सहा वर्षांचा असल्यापासून म्हणत आली आहे. त्यामुळे टोमणा कुठला आणि निरोप कुठला, हे मला ठरवता येईना. मी स्वतःला समजावलं, तू नेहमीसारखा ओळींच्या मधलं वाचतोयस. तिथे काही छापलेलंच नसतं.

मग एके दिवशी ती माझ्याबरोबर वाचनालयात आली. तिच्या नावावरची तिन्ही पुस्तकं परत केली, एक तर अर्धंच वाचलेलं. कार्डही टेबलावर ठेवलं.

"आजी, कार्ड राहू द्या की," टेबलावरची मुलगी म्हणाली. "परत आल्यावर लागेल."

"बघू," ताई म्हणाली.

त्याच टेबलामागे मी बसायचो तेव्हा एक घड्याळवाला यायचा. घड्याळं दुरुस्त करायचा, प्रवासवर्णनं न्यायचा. दर शनिवारी येई, आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, बस. एका सोमवारी तो आला. चार पुस्तकं, आठवडाभर मुदत बाकी असलेली, नीट रचून समोर ठेवली. कार्डही ठेवलं. 'सगळी वाचून झाली?' एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण परक्या माणसाला कसं विचारायचं, म्हणून मी शिक्के मारले. चार शिक्के. गुरुवारी पेपरात त्याने जीव दिल्याची बातमी होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, ताईलाही नाही.

ताईचा रिपोर्ट मला माहीत होता. चार महिन्यांपूर्वी तिने तो तिच्या मोठ्या नकाशासंग्रहात ठेवला होता, नेमका उत्तरेच्या पानात. पुस्तकात ठेवलेली गोष्ट माझ्यापासून लपेल, असं तिला वाटलंच कसं कोण जाणे. की लपू नये असंच वाटत होतं? आजाराचं नाव लांबलचक होतं. स्नायू हळूहळू काम सोडतात. आधी हात, मग पाय, मग बाकीचं. वर्षभर, फार तर दीड, असं डॉक्टरांनी पेन्सिलीने कडेला लिहिलं होतं. मी तो रिपोर्ट पुन्हा त्याच पानात ठेवला. ती बोलेल याची वाट पाहिली. ती बोलली नाही, मीही नाही. आमच्या घरात न बोलण्याचं काम माझ्याकडे आहे; तिने ते कधी उचललं, मला कळलंच नाही.

कंपनीने एक फॉर्म पाठवला होता. पंचाहत्तरच्या पुढच्या प्रवाशासाठी सोबतच्या माणसाची सही हवी, नाहीतर जमिनीवरचा प्रवास करता येणार नाही. शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. गुरुवारी दुपारी ताई शिंप्याकडे गेली होती. फॉर्मवर तिच्या औषधांची नावं लिहायची म्हणून मी तिच्या बॅगेतल्या गोळ्यांच्या डब्या काढल्या. तिने आम्हा दोघांसाठी एकसारख्या आणल्या होत्या, सात खणांच्या दोन-दोन, एका खणात एका दिवसाच्या गोळ्या. पहिली डबी जहाजाची, दुसरी जमिनीची.

जहाजाची डबी भरलेली होती. जमिनीच्या डबीत चार खण भरलेले, तीन रिकामे.

मी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. सात आणि चार, अकरा. गोळ्या संपल्या असतील म्हणून औषधांचं कपाट पाहिलं; दोन पट्ट्या शिल्लक होत्या. घाईत राहिलं असेल म्हणावं, तर ताईने आयुष्यात काही घाईत केलेलं नाही. अकराव्या दिवशी ते लाकडी घर होतं. पाच मिनिटांवर नदी. सकाळी कुणी माणसं मोजत नाही.

मी भाचीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते.

"मामा? तू फोन केलास? आई ठीक आहे ना?"

"हो हो. इथेच... शिंप्याकडे गेलीय."

"मग काय झालं?"

फोन माझ्या कानाला घट्ट चिकटला होता. "स्वेटर," मी म्हणालो. "तिथे किती स्वेटर लागतील, ते विचारायचं होतं."

ती हसली. "आईला विचार ना! तिने यादी केली असेल. मामा, तू पण ना."

फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. पुढ्यात फॉर्म होता. सही केली नाही, तर जाणं रद्द. मग ताई घरात राहील, थोड्याच महिन्यांत खाटेवर पडेल, आणि तिचा बर्फ मी हिरावून घेतला असं छताकडे बघत म्हणत राहील. सही केली, तर तिला त्या नदीपर्यंत मीच पोचवलं असं होईल. इतकी पुस्तकं वाचली, पण त्यातलं एकही वाक्य मदतीला येईना. शेवटी मी माझी स्वतःची दुसरी डबी काढली. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या. शेवटचे तीन खण उघडले, रिकामे केले, आणि डबी टेबलावर तिला दिसेल अशी उघडी ठेवली. याला धीर म्हणत नाहीत, हे मला कळत होतं. पण तोंडाने जमत नव्हतं, त्याला माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता.

ताई आली, चहा टाकला, टेबलाशी आली.

"ही डबी कुणी भरली?"

"मी."

"डोळे आहेत की बटणं? शेवटचे तीन खण रिकामे आहेत."

"तुझी बघून भरली," मी म्हणालो.

चहा उतू गेला. गॅस विझल्याचा चर्र आवाज झाला. ताई गेली, बटण बंद केलं, ओटा पुसला. अगदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला. मग येऊन समोर बसली.

"माझ्या बॅगेत हात घातलास?"

"फॉर्मवर औषधांची नावं लिहायची होती."

"मग नावं लिहायची. खण कशाला मोजायचे?" तिने माझी डबी पुढ्यात ओढली. "आणि हे असले पोरखेळ मला दाखवू नकोस. तीन दिवस तुझ्या गोळ्या चुकल्या, तर आडवा होशील."

"हो. वाचलंय मी."

"वाचलंय! जन्मभर वाचतच आलास." तिने माझी डबी खटकन मिटली. दुसऱ्यांदा मिटावी लागली, कारण बोटं नीट बसली नाहीत. मग आवाज खाली आला. "आईला आपण सात वर्षं उचललं. आठवतं?"

"आठवतं."

"एका बाजूने तू, एका बाजूने मी. शेवटी शेवटी ती कुणाकडे बघायची नाही. लाजायची. मला उचलायला कोण आहे? तू एकटा. तुझ्याच्याने पुस्तकांचा गठ्ठा उचलवत नाही."

हे खरं होतं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मी शिकेन," मी म्हणालो.

"काय?"

"उचलायला."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी लहानपणी पाढा चुकलो की अशीच बघायची. मग हसली, पण नेहमीचं हसू नव्हतं ते. फॉर्म माझ्याकडे सरकवला. "सही कर. उद्या शेवटचा दिवस आहे."

फॉर्मवर लिहिलं होतं, 'प्रवासाच्या अखेरपर्यंत मी यांच्या सोबत राहीन.' मी ते दोनदा वाचलं आणि सही केली. बरोबर केलं की चूक, मला सांगता येणार नाही. आपण चूकच करतोय असं वाटण्याची मला सवय आहे, त्यामुळे त्या वाटण्यावर विसंबता येत नाही.

निघायच्या सकाळी टॅक्सी वेळेआधीच आली. ताईने नळ बंद केले, खिडक्या लावल्या, दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे राहू दे." जाकिटाच्या खिशात मला माझ्या डब्या लागल्या. उघडून पाहिल्या, चौदाही खण भरलेले होते. तिने भरले होते.

तिच्या डब्या तिच्या पर्समध्ये होत्या. पर्स आमच्या दोघांच्या मध्ये, सीटवर. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला आतल्या गोळ्या खुळखुळत होत्या. मी कान लावून बसलो होतो. आवाजावरून कुणाला खण मोजता आले आहेत? तरी मी मोजत होतो. सिग्नल गेले, पूल गेला, विमानतळाच्या पाट्या सुरू झाल्या. वाचनालयाच्या टेबलावरचे ते चार शिक्के मला आठवले.

"ताई, डबी दाखव."

ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

"आत्ता? इथे?"

"आत्ता. इथे."

असं तिच्याशी मी कधीच बोललो नव्हतो. तिने पर्स मांडीवर घेतली. ती उघडली. दुसऱ्या डबीची झाकणं तिने एकेक करून उघडली. प्रत्येकाला वेळ लागत होता. आठवा भरलेला. नववा, दहावा, अकरावा. तिची बोटं थांबली. मी हात पुढे केला नाही. तिने बारावं झाकण उघडलं.

त्यात गोळ्या होत्या. तेरावा आणि चौदावा रिकामे.

"एक वाढवलाय," ती म्हणाली. "उगाच हुरळून जाऊ नकोस."

"दोन राहिलेत."

"राहिलेत." तिने डबी मिटून पर्समध्ये टाकली आणि खिडकीबाहेर बघू लागली. "बारा दिवस आहेत तुझ्याकडे. जन्मभर तोंड मिटून बसलास. आता काय बोलतोस, ते तरी ऐकू."

टॅक्सी पाट्यांखालून वळली. बोलायला काय काय होतं. मी घसा खाकरला. मग तिला त्या घड्याळवाल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली.