जपानी भंतेंची दुभाषी

खोटं बोलावं तर माणसानं बेताचं बोलावं. धम्मप्रिया बोलली ती थेट निर्वाणापर्यंत गेली.

दीड वर्ष ती नांदेडला खोली घेऊन जपानी शिकत होती आणि घरी शिरूर अनंतपाळला सांगत होती, की जपानला बौद्ध शब्दांचा अभ्यास करायला जायचंय. "आपलेच शब्द हायेत पप्पा, चीनवरून तिकडं गेलेले. निर्वाणाला चिनी लोक 'निएपान' म्हणतात, जपानी 'नेहान'. भिक्खूला 'बिकु'. क्षणाला 'सेत्सुना'." हे सगळं खरं होतं. फक्त पुढच्या महिन्यात ती जाणार होती एका वृद्धाश्रमात नोकरीला. म्हाताऱ्यांना भरवायचं, आंघोळ घालायची, हागणं-मुतणं काढायचं.

खरं सांगायची सोय कुठं होती हो? वडील आनंदराज पंचायत समितीत कारकून आणि विहार समितीचे सचिव. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दुसऱ्याची घाण काढायचं काम आपल्या घरात पंढरीबरोबर संपलं." पंढरी म्हणजे धम्मप्रियाचे आजोबा. छप्पन साली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्यापायी मार खाल्ला, पण पुन्हा त्या दोरीला हात लावला नाही. अशा घरात वृद्धाश्रमाचं नाव कुणी काढावं?

त्यात लेकीचं कौतुक आनंदराजांच्या पोटात मावेना. लातूरला एक जपानी भंते आलेत असं कानावर पडलं आणि हा गडी जीप करून गेला, रविवारी विहारात धम्मदेसनेला, प्रवचनाला यायचं आमंत्रणच देऊन आला. "दुभाषा आणायची गरज न्हाई. आपल्या घरचाच हाय!"

धम्मप्रियाच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दिवस तिनं वही सोडली नाही. एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला जपानी, मधे चिनी अक्षरं. करुणा, प्रज्ञा, अर्हत, नरक. आजी धुरपताबाई म्हणाली, "जेव की गं माय, किती घोकशील?" पण घास उतरेना. शब्द अडले तर लोक हसतील, एवढंच ना? हसू देत. भंतेंनी चारचौघांत विचारलं, 'तू आमच्याकडं कुठं येणारेस?', तर काय करायचं, ह्या विचारानं ती अर्धी झाली होती.

आणि भंतेंनी तेच विचारलं. विहारात, बुद्धमूर्तीला फुलं वाहून झाल्यावर, माईकवर यायच्या आधी, हळूच, तिच्या एकटीजवळ. जपानीत खोटं बोलायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. क्लासमध्ये मुलाखतीसाठी पाठ केलेलं उत्तर आपसूक बाहेर पडलं, वृद्धाश्रमाच्या नावासकट. भंते तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी हातातले देसनेचे कागद घडी करून झोळीत टाकले.

आता काय?

समोर पांढऱ्या साड्यांत बाया, पांढऱ्या सदऱ्यांत बाप्ये, पहिल्या रांगेत धुरपताबाई. त्रिशरण-पंचशील झालं. भंते बोलू लागले, आणि एक करुणा सोडली तर वहीतला शब्द आला नाही. प्रज्ञा नाही, अर्हत नाही. आले ते क्लासचे शब्द. पलंग, पाठ, जखम, लंगोट, गरम पाणी.

"माझी आई चार वर्षं अंथरुणावर होती," धम्मप्रिया भंतेंचं बोलणं मराठीत सांगू लागली. "मी गावोगाव करुणेवर बोलत फिरत होतो. आईला धूत होती एक परदेशी मुलगी. आई गेली तेव्हाही तिचा हात त्या मुलीच्या हातात होता. मी प्रवचनाला गेलो होतो."

बायांनी पदर डोळ्याला लावले. इथवर निभावलं. मग भंते वळले, धम्मप्रियासमोर हात जोडून कमरेत वाकले आणि एक वाक्य बोलले. भिक्खूनं पोरीला वाकून नमस्कार केलेला गावानं कधी पाहिला नव्हता.

"काय म्हणाले गं?" आनंदराजांनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं! मैत्री म्हणा, करुणा म्हणा. वही भरली होती अशा शब्दांनी आणि जपानी कळणारं तिथं दुसरं होतं कोण? ती आजीकडं बघत राहिली.

"ते म्हणतात, ही मुलगी पण त्याच कामाला येतेय. म्हाताऱ्यांची घाण काढायला." आवाज फाटला तिचा. "मी खोटं बोलले, पप्पा. अभ्यासाला न्हाई जायले मी."

देसना संपली की 'साधू, साधू, साधू' म्हणायची सुरुवात सचिवानं करायची असते. आनंदराज उठले, पण साधू म्हणाले नाहीत. माईकपाशी आले. धम्मप्रियाला वाटलं, आता सगळ्यांसमोर उद्धार होतोय.

"विचार त्यांना," ते म्हणाले. "तू सगळ्यांचं करशील. तू तिकडं आजारी पडलीस तर तुझं कोण करायचं?"

तिनं विचारलं. भंते एकच शब्द बोलले.

"म्हणतात, माहीत न्हाई."

आनंदराजांनी मान हलवली. "खरं बोलला माणूस." मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "जाऊ नको म्हणलं, तर ऱ्हाशील?"

"न्हाई पप्पा. जाईन."

आजीनं 'बाई गं' म्हणून तोंडावर हात ठेवला. आनंदराज माईकचा दांडा घट्ट धरून उभे होते.

"दुखायलंय म्हणायचं असलं तर तिकडं काय म्हणतात?"

"इताई."

"इताई," ते म्हणाले. माईक चालूच होता, साऱ्या विहारात ऐकू गेलं. "इताई. इताई. तापाबिपात बरळत फोन केलास आन् त्यांच्या भाषेत बोललीस, तर मला कळाया पाहिजे."