गाडी गार हवी

ड्रायव्हरकाकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात स्वतःची घेतली, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. नोकरी सुटून बरेच दिवस झाले तरी गल्लीत त्यांचं नाव ड्रायव्हरकाकाच राहिलं. गाडी आली त्या दिवशी त्यांनी बायकोसाठी सवयीनं मागचं दार उघडून धरलं. ती म्हणाली, "मागं बसायला मी काय तुमची साहेब आहे?" आणि वळसा घालून पुढं जाऊन बसली. तेव्हापासून ती पुढंच बसे.

फिरणं मात्र एकाच रस्त्यानं होई. काकूंच्या किडन्यांनी हात टेकले होते. एक दिवसाआड सकाळी इस्पितळात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागे. काकू त्याला लाँड्री म्हणत. "आज लाँड्रीचा वार," असं म्हणून चपला शोधू लागत.

थंडी सुरू झाली आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू करताना हुडहुडी भरल्यासारखी हले. आरसा थरथरे, दारं वाजत, मधूनच इंजिन गचका देऊन बंद पडे. गरम झाली की मात्र एकदम गरीब गाय. सकाळी निघताना काका तिला आधी चालू करून तापवत, म्हणून जाताना अडत नसे. घोटाळा येताना होई. काकू यंत्रावर असेपर्यंत गाडी आवारात उभी राहून गारठून जाई, आणि पेशंटच्या खिडक्यांखाली इंजिन तापवत बसायला रखवालदार देत नसे.

एकदा परत येताना ती चौकात बंद पडली. मागं भोंग्यांचा कल्लोळ. शेवटी दोघा-तिघांनी उतरून ढकलली. काकू आत, हातावर पट्टी, मांडीवर ओकारीची पिशवी. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ते गाडीला ढकलत नव्हते हो. मला ढकलत होते."

पुढच्या वारी त्यांनी चपला शोधल्या नाहीत.

"गाडी नीट होऊ द्या, मग बघू," त्या म्हणाल्या.

"टॅक्सी बोलावतो."

"आणि येताना परक्याच्या गाडीत ओकारी झाली तर? तो माणूस तोंडावर काही बोलणार नाही. पण मला ऐकू येईल."

काकांनी समजावलं, चिडून पाहिलं, गप्प बसून पाहिलं. काकू हलल्या नाहीत. दुपारी इस्पितळातून सिस्टरचा फोन आला. एक वार चुकला तर निभावेल, लांबत गेलं तर पाणी छातीत चढेल, मग धावपळ करून उपयोग नाही. काकूंच्या पायावर सूज आलीच होती. बोट दाबलं की खड्डा पडे, आणि भरून यायचं नाव घेत नसे.

काका गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीचं गॅरेज गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथं पोचेस्तोवर इंजिन तापलेलं. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, कान लावला.

"काका, ही तर शहाण्या मुलासारखी बसलीय."

"सकाळी ये बघायला. कशी थयथयाट करते ते."

मिस्त्रीनं दोष शोधायचं मशीन लावलं. मशीनला काही दिसलं नाही. मग त्यानं प्लग बदलले, कॉइल बदलली, थ्रॉटल धुतला. सकाळी गाडी पुन्हा होती तशीच. दुसऱ्या खेपेला मिस्त्री हात पुसत म्हणाला, "खरं सांगू? मी अंधारात दगड मारतोय. आजारी आहे ती गार असताना, आणि तुम्ही आणता तापवून. मला ती गार हवी. रात्रभर ठेवून जा इथं."

"आणि रात्री घरी बायकोला धाप लागली तर कशानं नेऊ?"

मिस्त्रीनं फडकं खांद्यावर टाकलं. तो म्हणाला, "मग मीच येतो उद्या उजाडायला. पण मी येईपर्यंत तिला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मला काय सांगताय, स्वतःच्या हाताला सांगा."

उजाडताना मिस्त्री स्कूटरवरून आला. गाडी दारात उभी होती. काचा पुसलेल्या, पायपुसणी झटकलेली. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"काका, ही गरम आहे."

"मी नाही चालू केली," काका म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मग त्यांची नजर हातातल्या फडक्याकडे गेली, बोटात अडकलेल्या किल्लीकडे गेली. साहेब बाहेर यायच्या आत गाडी पुसून, तापवून दारात लावायची, हे हातांना इतकं पाठ झालेलं की उठल्यावर हातांनी त्यांना विचारलंच नव्हतं.

मिस्त्री रागावला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला. "रोगी तपासायला बोलावलंत आणि मी यायच्या आत औषध पाजून मोकळे झालात. आता ही गार होईतो मला थांबता येणार नाही, गॅरेज उघडायचंय. उद्या येतो."

काका आत गेले. तो लाँड्रीचा वार होता. "चल, आत्ता गरम आहे गाडी. लगेच निघू."

"आणि येताना?" काकूंनी विचारलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की त्यांना आता श्वास पुरत नव्हता.

काका दारात उभेच राहिले. मोठमोठे घाट त्यांनी उतरले होते, ब्रेक गेलेली गाडी एकदा बांधाला घासून थांबवली होती. तेव्हा काय करायचं ते पायाला कळलं होतं. आता कुठलाच पेडल सापडत नव्हता.

रात्री त्यांनी किल्ली बायकोच्या हाती दिली. "माझ्यावर माझा भरवसा नाही. तू ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"जन्मात पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोललात," काकू म्हणाल्या, आणि किल्ली उशीखाली सारली.

सकाळी मिस्त्री आला. काका हाताची घडी घालून, हात काखेत दाबून उभे होते. मिस्त्रीनं बॉनेटला हात लावला आणि मान डोलावली. "बर्फ आहे. किल्ली आणा."

काकूंना किल्ली सापडेना. उशीखाली नव्हती, गादीखाली नव्हती. "काल कुठं ठेवली कोण जाणे," त्या म्हणाल्या. काका खाटेखाली वाकून बघत होते, तेवढ्यात त्यांना बायकोची मूठ दिसली. घट्ट मिटलेली. "अगं, ही काय, हातात तर आहे." त्यांनी एकेक बोट सोडवून किल्ली घेतली. म्हातारपण, दुसरं काय, असं त्यांना वाटलं.

गाडी चालू झाली आणि नेहमीसारखी थडथडू लागली. मिस्त्रीनं झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली मागून घेतली. इंजिनावरच्या एकेका सांध्यावर तो पाण्याची पिचकारी मारी आणि कान देई. इथं काही नाही. इथंही नाही. मग मागच्या बाजूच्या एका रबरी पाइपच्या वळणावर पाणी पडलं आणि इंजिन क्षणभर शांत झालं. पाणी आत ओढलं गेलं, पुन्हा थडथड.

"सापडली," तो हळूच म्हणाला. पाइप काढून त्यानं काकांपुढे वाकवला. नखानं ओरखडा काढावा एवढी चीर. "गार असली की ही उघडते आणि चोरून हवा ओढते. तापली की रबर फुगतं, चीर मिटते. मी आपला मिटलेलीच बघत होतो."

पिशवीतला नवा पाइप त्यानं कापून बसवला. इंजिन अजून हाताला गारच होतं. त्यानं किल्ली फिरवली, आणि गाडी चालू आहे हे कळायला काकांना वाकून ऐकावं लागलं.

काकू भिंत धरत धरत पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या होत्या. स्वतःला पाणी मोजून मिळत असलं तरी आल्यागेल्याला विचारायला त्या चुकत नसत. मिस्त्री अर्धा पेला प्यायला आणि उरलेला चालू इंजिनाच्या झाकणावर ठेवला. "बघा काकू. पाणी हलतंय का?"

पाणी हललं नाही.

"छान झाली," काकू म्हणाल्या.

मिस्त्रीनं पेला उचलून त्यांच्या हातात परत दिला आणि पिशवी आवरायला वळला. काकूंच्या हातात आल्याबरोबर पाणी थरथरू लागलं. पेल्याच्या काठाशी आपटून त्यांच्या बोटांवर सांडलं. काका बघत राहिले. गाडीत शेजारी बसलेली ती दर वेळी येताना थरथरायची, आणि त्यांना वाटायचं, गाडी हलवतेय.

मिस्त्रीची स्कूटर गल्लीच्या वळणावर गेली. काकूंनी पेला पायरीवर ठेवला.

"मला वाटलं होतं, गाडीची खोड अजून दोन-चार दिवस तरी सापडणार नाही," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. मग आपणच पुढचं दार उघडून बसल्या. "चला. आता नाही म्हणायला काही कारण उरलं नाही."

काका शेजारी बसले. किल्ली फिरवली. आरसा हलला नाही, दारं वाजली नाहीत. त्यांनी गिअरवर हात ठेवला, पण टाकला नाही.

"काय झालं?"

"जरा गरम होऊ दे."

"आता कशाला?" काकू म्हणाल्या.

इंजिन शांतपणे चालू होतं आणि शेजारच्या सीटवरची थरथर आता चांगली दिसत होती. त्यांनी गिअरवरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. थोड्या वेळानं त्यांचाही हात हलू लागला.