दोन राजांचा एक पुतळा

मी एक जुना संगमरवरी पुतळा आहे आणि मला डोकं नाही. हसू नका, मित्रांनो! मेलांता शहराच्या बाजारचौकात मासळी विकणाऱ्या बायका भांडताना एकमेकींना बिनडोक म्हणतात आणि बोट माझ्याकडे दाखवतात. पण मी रागावत नाही. मला आयुष्यात इतकी माया मिळाली आहे की रागाला जागाच उरली नाही.

माझा जन्म लिकोन नावाच्या शिल्पकाराच्या अंगणात झाला. एकाच शिळेतून त्याने माझं धड काढलं आणि उरलेल्या दगडातून दोन डोकी घडवली. तेव्हा आमचा म्हातारा राजा नुकताच वारला होता. त्याचे दोन मुलगे, थोरला लिसानिआस आणि धाकटा फिलोतास, गादीसाठी एकमेकांवर सैन्य घेऊन निघाले होते. जो जिंकेल त्याचा पुतळा लगेच चौकात दिसला पाहिजे, नाहीतर आपली धडगत नाही, अशी नगरसभेला धास्ती होती. म्हणून धड एक आणि डोकी दोन. माझ्या मानेत वाटीसारखी खोल खाच होती. डोक्याची खुंटी तिच्यात बसायची.

लिकोनची मुलगी मिर्तो माझ्या अंगाला मेण चोळून तकाकी आणायची. "राजा कोणी का होईना, तुझे खांदे आमचेच," असं ती मला म्हणायची. ते ऐकून माझा दगडी ऊर भरून यायचा.

मला आधीच चौकात उभं केलं होतं. माझ्या चौथऱ्यावर बसून लोक तासन्‌तास वाद घालायचे.

"थोरला जिंकला तर बंदर वाढवील."

"कसलं बंदर! बापासारखे हत्ती पाळील आणि आपलाच चारा त्यांना घालील."

"मग धाकटा बरा?"

"धाकटा नाटकं बसवील. पोट नाही भरणार, पण वेळ मजेत जाईल!"

सगळे हसायचे, पण मनातून सगळेच घाबरलेले होते.

एके संध्याकाळी एक घोडेस्वार धापा टाकत आला. "फिलोतास जिंकला!" तो ओरडला. शुभवार्ता आणणाऱ्याच्या गळ्यात हार घालायची आणि त्याला सभेच्या पंगतीला बसवायची आमच्याकडे रीत आहे. त्याला हार मिळाला, भाजलेलं कोकरू मिळालं आणि मला धाकट्याचं डोकं मिळालं.

"सध्या लाकडी पाचर मारू," लिकोन म्हणाला. "बातमी पक्की झाली की शिसं ओतू."

नगरसभेचा प्रमुख तिमांद्रोस कडाडला, "आणि वाऱ्याने राजाचं डोकं गडगडलं तर? पाठोपाठ आपलीही गडगडतील! ओता शिसं!"

माझ्या मानेत तापलेलं शिसं ओतलं गेलं. रात्रभर शहर माझ्याभोवती नाचत होतं.

दुसऱ्या दिवशी जखमी शिपाई आले आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. हाराच्या आशेने तो घोडेस्वार लढाई अर्ध्यावर असतानाच निघाला होता. तेव्हा धाकट्याची सरशी होती. दुपारनंतर पारडं फिरलं. फिलोतास मारला गेला होता आणि थोरला लिसानिआस आमच्याच वाटेने येत होता!

"घण आणा! फोडा ते डोकं!" तिमांद्रोस ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाही निघालं, तर पुतळा लिकोनने केलाय. राजा त्याला काय ते विचारील."

म्हातारा लिकोन मटकन खाली बसला. मिर्तो मात्र दोरीने फिरवून भोकं पाडायचा सामता घेऊन शिडीवर चढली आणि माझ्या मानेतलं शिसं कोरून काढू लागली.

"पोरी, घणाच्या एका घावात काम होईल!" गर्दीतला एक जण ओरडला.

"काका, ज्यानं घाव घालायचा त्यानं आधी बाबांच्या डोळ्यांत बघावं आणि मग घालावा."

कोणीच पुढे झालं नाही. वेशीत शिंगं वाजली, तेव्हा कुठे डोकं सुटलं. ते कुशीत धरून मिर्तो खाली उतरते, तोच राजा समोर! मला वाटलं, आता बाप-लेक दोघंही गेले.

तिमांद्रोस पुढे धावला. "महाराज, या बापलेकींनीच..."

राजाने हात वर केला आणि मिर्तोकडे पाहिलं. "फोडलं का नाहीस?"

"माझ्या बाबांनी घडवलंय, महाराज. आणि तुमचे भाऊ जिंकले असते ना, तर तुमचंही मी फोडलं नसतं."

राजाने ते दगडी डोकं हातात घेतलं. त्याचं बोट भुवईवरच्या बारीक खुणेवर थांबलं. "ही खूण माझी आहे," तो म्हणाला. "अंजिराच्या झाडावरून मीच याला ढकललं होतं." आणि तो जिंकलेला राजा सगळ्यांदेखत रडू लागला.

शहराला त्याने हात लावला नाही. भावाचं डोकं तो त्याच्या थडग्यापाशी घेऊन गेला. माझ्या मानेवर राजाचं डोकं बसवायला लोक पुढे झाले, तर तो म्हणाला, "नको. ही जागा रिकामीच राहू दे. माझं दगडी डोकं त्याच्याशेजारी ठेवा."

तेव्हापासून मी असाच उभा आहे. पुढे संगमरवर भाजून चुना करणारे मला भट्टीत घालायला आले, तेव्हा त्याच मासळीवाल्या बायका कंबर कसून आडव्या आल्या. "बिनडोक असला तरी आमचा आहे!" त्यांचे उपकार मी कसे विसरेन? मिर्तो आता नाही, पण दर वसंतात तिची नात मेण घेऊन येते आणि माझे खांदे चोळते.

मित्रांनो, कधी कोणी तुमच्या हातात घण देऊन 'फोड' म्हणालं, तर क्षणभर थांबा. ते कोणी घडवलं, एवढं तरी विचारा. मिर्तो थांबली म्हणून तिचा बाप वाचला, हे शहर वाचलं. माझ्या मानेतल्या खाचेत पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या ते पिऊन जातात. दोघांपैकी कोणाचंही डोकं तिथे असतं, तर त्या बिचाऱ्या तहानलेल्याच राहिल्या असत्या.