आमेन म्हटल्यावर

"कुणीतरी मासा विसरलंय वाटतं खिडकीत. सणासुदीला तरी अक्कल असावी की नाही माणसाला," मागच्या बाकावरून आपोलोनिया पुटपुटली.

"गप गं," तिची जाऊ म्हणाली. तिनं नजरेनं पुढचा बाक दाखवला.

पुढच्या बाकावर बसलेल्या फुआतिनोनं मान वळवली नाही. मासा नव्हताच. वास तिच्या नवऱ्याच्या पायाचा होता. उएलेसे चर्चमध्ये सगळ्यांसमोर चटईवर पडला होता, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला पाय लांब करून. घरून निघताना तिनं त्या फडक्यावर फुलं घालून मुरवलेलं खोबरेल बाटलीभर ओतलं होतं. आता फुलांचा वास आणि तो वास एकमेकांत मिसळून गेले होते, आणि ते नुसत्या वासापेक्षा वाईट होतं.

आज आमच्या बेटावर मुलांचा पांढरा रविवार, सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचा सण. आज पोरं शास्त्रातल्या गोष्टी करून दाखवणार, मोठ्यांनी बघायच्या आणि नंतर पोरांना आधी जेवायला वाढायचं.

पोरांना तयार करायची ती फुआतिनोनं. शाळा तिची लवकर सुटली, पण चमत्काराची गोष्ट ऐकावी तर तिच्याकडून. पाच भाकरी आणि दोन मासे तिच्या तोंडी पाच तारोचे कंद आणि दोन बोनिटो व्हायचे. गालीलाचा समुद्र म्हणजे आमच्या प्रवाळाच्या कडेपलीकडचं पाणी. येशूचा शिष्य पेत्र त्या पाण्यावरून चालत निघाला आणि बुडायला लागला, तो का?

"लाटांकडे बघितलं म्हणून!" पोरं ओरडायची.

आणि ती हे नुसतं सांगत नव्हती. उएलेसेचा पाय चिघळल्यापासून फडकं बदलतानासुद्धा ती तोंड दाराकडे करून बदलायची. लाटेकडे बघायचं नाही.

उएलेसे गावची बस चालवायचा. रक्तात साखर, त्यात पायाच्या अंगठ्यात प्रवाळाचा तुकडा घुसला. दवाखान्यातली नर्स घरी येऊन स्पष्ट बोलली होती, "आत्ता आलात तर बोटांवर भागेल. थांबलात तर पाऊल जाईल. त्याहून थांबलात तर माणूस." फुआतिनोनं तिला भाजलेलं ब्रेडफ्रूट खाऊ घातलं आणि वाटेला लावलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून ती म्हणाली, "यंदा पोरं बेथेस्दाच्या तळ्याची गोष्ट करतील, येशूनं पंगूला उठवलं ती. पंगू म्हणून माझा नवरा निजेल. आणि प्रभू त्याला खरोखरचा उठवेल."

सगळं चर्च म्हणालं, "आमेन." पाळकसाहेबही म्हणाले.

आमच्या गावात आमेन म्हटल्यावर मागे फिरता येत नाही. त्यानंतर पायाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. भेटायला येणारे फक्त दाराशीच बसू लागले. "इथं वारा बरा लागतो," म्हणायचे.

"तुला काय वाटतं रे?" तिनं एकदा उएलेसेला विचारलं होतं.

"मी काय, तू हात केलास की बस थांबवणारा माणूस," तो हसून म्हणाला होता. "तू म्हणतेस तर उठेन."

गोष्ट सुरू झाली. येशू पोरींतली माकेरिता झाली होती, कारण मुलग्यांची वाक्यं पाठ होईनात. नारळाच्या काथ्याची दाढी तिच्या हनुवटीवर टोचत होती.

"तुला बरं व्हायचंय का?" तिनं विचारलं.

"व्हायचंय, प्रभू," उएलेसे म्हणाला. हे त्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं नाही.

"मग ऊठ! तुझी चटई उचल आणि चालू लाग!"

उएलेसेनं दोन्ही हात जमिनीला टेकले. चांगला पाय दुमडला, अर्धा उठला आणि खाली बसला. माकेरिताला वाटलं, काकांना ऐकू आलं नाही. ती पुन्हा ओरडली, "ऊठ! चटई उचल!" बायकांच्या हातातले विणलेले पंखे हलायचे थांबले. मग तिनं दाढी खाली ओढली आणि कुजबुजली, पण शेवटच्या बाकालाही ऐकू गेलं, "काका, आता उठायचं असतं तुम्ही."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यावर नेलं. पाळकसाहेबांनी गायकांकडे बघून गाणं सुरू करायची खूण केली. एका बाईनं सूर लावला. तिला कुणी साथ दिली नाही.

उएलेसेनं बायकोकडे बघितलं. घामानं त्याचा चेहरा निथळत होता, आणि त्या चेहऱ्यावर राग नव्हता. लाज होती, ती तिच्यासाठी. "माफ कर फुआ," तो म्हणाला. "थांब, अजून एकदा बघतो." आणि त्यानं तो पाय जमिनीवर रोवला.

फडक्यावर पिवळट डाग उमटला आणि पसरत गेला.

फुआतिनोच्या मनात पहिलं काय आलं, तर डोक्यावरची टोपी काढून तो डाग झाकावा. त्या विचाराची तिला जशी लाज वाटली, तशी वासाचीसुद्धा वाटली नव्हती.

ती उठली. चटईवर जाऊन त्याच्या पायाशी बसली आणि फडक्याची गाठ सोडली. एकेक वेढा निघत गेला. मग तिनं बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिली. नंतर तो पाय तिनं उचलून मांडीवर घेतला.

"फुआ, तुझे कपडे," उएलेसे म्हणाला.

"असू देत."

"फुआतिनो," पाळकसाहेब हळूच पुढे आले, "आपण सगळे मिळून प्रार्थना करू या..."

"करू, पाळकसाहेब. दवाखान्याच्या वाटेत करू."

तिनं मान वर केली. गोष्ट सांगताना लावायची तोच आवाज तिनं लावला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"माझ्या नवऱ्याचा पाय कुजलाय," ती म्हणाली.