हंसशेपटीची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना कोरीव दगड आहे. वय दोन हजार वर्षं. बरं, तेरा. पण माझ्या अंगावरचं अक्षरांचं वळण मात्र खरोखर दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शिलालेखांचं आहे. म्हणून मधली वर्षं मी माझ्याच नावावर धरतो.

चीनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. एकेका अक्षराला त्यानं सात वर्षं घेतली. तेवढ्या काळात त्याच्या दाढीत चिमण्यांच्या तीन पिढ्या वाढल्या. सात दिवस म्हणा हवं तर. अक्षरं रुंद, बैठी. आडवी रेघ रेशीमकिड्याच्या डोक्यासारखी गोल सुरू होते आणि हंसाच्या शेपटीसारखी वर उडते. एका अक्षरात शेपटी एकच, असा नियम. छिन्नीनं कोरलेल्या कडा मुद्दाम खरबरीत ठेवलेल्या. तीच आमची शान.

एका चिनी कंपनीनं मला जहाजातून सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत आणलं आणि आपल्या यार्डाच्या फाटकाशी उभं केलं. लोक माझ्याजवळ उभं राहून फोटो काढत. मग काम संपलं, कंपनी गेली, मी गोदामामागे उन्हात आलो. नऊ वर्षांत मला वाचू शकणारं कुणी तिकडे फिरकलं नाही. मी वाळूला गोष्टी सांगायचो. तीही अर्ध्यावर उठून जायची.

परवा यार्डाचे मॅनेजर जगदीशसाहेब आले. "इसहाकभाई, रविवारी ही जागा रिकामी हवी. दगड खडी करायला पाठवा."

इसहाक म्हणजे इथला स्टोअरकीपर, गुहागरचा. रोज माझ्याशेजारी बसून डबा खाणारा.

"साहेब, नीट करून देतो. परत फाटकावर लावा."

"वाचणार कोण?"

"वाचायचा कशाला? बघायचा."

"बघू."

शुक्रवारी बिचारा पुट्टी घेऊन आला. खरबरीत कडा म्हणजे मोडतोड, असं त्याला वाटलं. गावच्या मशिदीची पाटी तो अशीच गुळगुळीत करायचा. पहिल्या अक्षराची शेपटी त्यानं मन लावून बुजवली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

इतक्यात त्याची बायको बदरुन्निसा डबा घेऊन आली. ती घरी शिवणकाम करते. "अहो, खलास करताय का त्याला? या कडा अशाच हव्यात."

"तुला चिनी कधीपासून कळायला लागलं?"

"चिनी नाही कळत. भरतकाम कळतं."

नक्षी उचलायचा पातळ कागद तिनं पिशवीतून काढून माझ्यावर ताणला आणि काळा मेणखडू आडवा धरून घासला. कागद काळा, अक्षरं पांढरी. चीनमध्ये ओला कागद आणि शाई घेऊन शिलालेखांचे ठसे असेच उतरवतात. बुजलेली शेपटी सोडून बाकी साऱ्या उमटल्या.

आज शनिवार. इसहाकनं मोठ्या आशेनं तो कागद साहेबांना दाखवला.

"वा. हा ऑफिसात फ्रेम करून लावू."

"आणि दगड, साहेब?"

"अक्षरं मिळाली ना आता? दगड जाऊ दे."

इसहाक माझ्याशेजारी बसला. डबा त्यानं उघडलाच नाही.

उद्या ट्रक येईल. कागदाचा मला हेवा नाही, तो माझाच आहे. एवढंच सांगतो, मित्रांनो, कुणाच्या अंगावरची अक्षरं उचलून न्याल, तेव्हा त्यालाही थोडी सावली द्या.