पालथी भांडी

पातेल्याच्या बुडावरचा तो पोचा... धनीबाईचं बोट त्यावर थांबलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की सगळी भांडी आपण पालथी घातली आहेत — पातेली, कळशी, परात, भिंतीशी ओळीनं. दरवर्षी ऊसतोडीला निघताना हेच. भांडं उताणं राहिलं, की माणसं परत येईपर्यंत त्यात पाली संसार मांडतात. पण यंदा जायचंय कुठे? हात मेले, मनाला न विचारताच निघाले!

तांड्याच्या तोंडाशी मुकादमाचा ट्रक उभा होता. हॉर्न वाजला, तशी आठवली पाचटातली ती थंडी, आणि उसाच्या मोळीआड पाटी घेऊन बसलेली माझी वर्षा — दर दिवाळीला शाळा सोडून आमच्या मागं. पोरीनं कधी तक्रार केली नाही, हेच मला जास्त लागायचं.

आणि आता तीच वर्षा बचत गटातल्या बायकांबरोबर शेजारच्या खोलीत डाळीची गिरणी चालवते. छपरावर सोलरच्या प्लेटा, खाली तूर भरडली जाते, आणि यवतमाळची माणसं फोनवरून डाळ मागवतात. अगं बाई, उन्हावर जातं फिरतं होय! आमच्या टाळूवर जन्मभर पडलं ते ऊन, कधी मूठभर डाळ दिली नाही त्यानं. आता देतंय. कोणाकोणाला हात जोडू — सूर्याला, त्या यंत्राला, की पोटच्या पोरीला?

धावजी दारात आला. नवऱ्याच्या हातात कोयता, फडक्यात गुंडाळलेला — म्हणजे त्याचीही तीच गत.

"मुकादम इचारून राह्यला. तू म्हनशीन तसं."

काय म्हणू? यंत्र बिघडलं तर... डाळ खपली नाही तर... आज नाही म्हटलं तर पुढच्या साली हा मुकादम ओळख तरी देईल का...

"याडी!" वर्षा डोकावली, केसांत डाळीची पूड. "भांडे कायले पालथे घातले वं? डाळ काढाले मले पातेलं पायजे ना."

आईला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "घे माय," ती म्हणाली, "तुह्यं भलं होवो." पोरीला कळलंच नाही, एवढ्याशा पातेल्यावर एवढा आशीर्वाद कशाचा.

धावजी उत्तरासाठी उभाच होता. बाहेर पुन्हा हॉर्न. धास्ती गेली नव्हती; पण हात, ते मेले हात, आता कळशी उताणी करत होते.